निजामशाही चित्रांतील पुसलेली राणी

कथाकाव्यांतील चित्राचें काम कोणतें, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारीत नाहीं. चित्र सुंदर आहे, एवढें पाहून वाचक पान उलटतो. आमच्या मतें, ज्या शब्दांशेजारीं तें बसविलें आहे त्यांच्याशीं तें प्रामाणिक राहतें काय, ही खरी कसोटी होय. या कसोटीस लावण्याजोगा एक ग्रंथ अहमदनगरच्या निजामशाहींत निर्माण झाला. आफताबी नामक कवीचें ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हें तें फारसी काव्य. त्याची सचित्र प्रत पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहीं असून, कुलकर्णी व माटे या संपादकद्वयानें 1987 सालीं तें काव्य प्रसिद्ध केलें.

काव्यांत हुसेन निजामशहाची स्तुति, 1565 मधील तालिकोटचा विजय आणि राणी खुंजा हुमायून हिचें रूपवर्णन आहे. त्याच वर्षीं हुसेन वारला व पुत्र मूर्तजा याच्या नांवें राणी कारभार पाहूं लागली. चित्रें याच सुमाराचीं.

अशीं चित्रें कशीं सिद्ध होत, हें जाणल्यावांचून त्यांचें मर्म कळणार नाहीं. प्रथम कागद घोटून गुळगुळीत करीत. त्यावर शाईची कच्ची रेषा काढून वर पांढऱ्या रंगाचा पातळ हात देत. त्यांतून रेषा पुसट दिसत राही. मग डिंकाच्या पाण्यांत खललेले हिंगूळ, हरताळ, नीळ यांसारखे रंग थरावर थर चढत. मधून मधून कागद पालथा घालून अकीकानें घोटावयाचा. शेवटीं अतिबारीक कुंचल्यानें डोळे, बोटें व अलंकार रेखावयाचे. विलायती पद्धतीच्या जलरंगांत कागदाचा शुभ्रपणा रंगांतून चमकतो. येथें रंग कागदास झांकून टाकतो. अर्थात् एक थर दुसऱ्यास गिळूंही शकतो.

या पोथींत 12 चित्रें उरलीं आहेत. त्यांतील रणप्रसंगांपेक्षां आम्हांस दोहदाचें चित्र अधिक मोलाचें वाटतें. सुंदरीच्या स्पर्शानें वृक्ष फुलतो हा संस्कृत कवींचा संकेत फारसी काव्याच्या पानावर असा सहज नांदावा, ही दक्षिणेची खास रसिकता होय. दरबारच्या चित्रांत राजाशेजारीं राणी बसविण्याचें धैर्यही असेंच विरळा. पण बहुतेक चित्रांत ती आकृति पुढें पुसून टाकलेली आहे! 1569 सालीं मूर्तजानें आईस कैद केलें, त्यानंतरचें हें कृत्य असावें, असें अभ्यासक मानतात.

पुसणाऱ्यानें कवीचे शब्द मात्र तसेच ठेवले. त्यामुळें आज काव्य राणीचें रूप गातें आणि शेजारचें चित्र मुकें राहतें. चित्रकार शब्दांशीं प्रामाणिक होता, राजसत्ता नव्हती. हीच राणी चांदबिबीची आई. जिनें 1595-96 मध्यें मोगलांविरुद्ध नगरचा किल्ला लढविला, त्या मुलीचें नांव घरोघर ठाऊक आहे. आईचें कोणास ठाऊक आहे?

कोणी कुशल चित्रकार ती आकृति पुन्हां रंगवूं म्हणेल, तर आम्ही त्यास नको म्हणूं. तो नवा थरही जुन्या थरास गिळील. त्यापेक्षां आफताबीचें राणीवर्णन सुबोध मराठींत आणून, तीं पुसट चित्रें आहेत तशींच त्यासमोर छापावीं. राणी कोठें बसली होती, हें वाचक स्वतःच ओळखतील.