पेशवे घराण्याच्या पत्रांतील वाङ्मयाभिरुची

छापील पत्रांत काव्यचर्चा नाही, म्हणून पेशवे घराण्यास वाङ्मयाची गोडी नव्हती असे ठरविणे घाईचे होय. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातून निवडलेल्या ४५ खंडांत खासगी जीवनाचे खंड थोडेच आहेत. तथापि नानासाहेबांच्या पत्रव्यवहारात पोथ्यांचा शोध व त्यांच्या नकला यांचे उल्लेख येतात. व्हिक्टोरियाकालीन इंग्रज उमराव पत्रांतून कादंबरीवर मत देई. येथे पोथी मागविली जाते, अभिप्राय क्वचितच. काव्य पुराणिकाच्या मुखातून ऐकण्याचे होते. पेशव्यांचे आप्त बाबूजी नाईक यांच्या आश्रयास बारामतीत मोरोपंत (१७२९–१७९४) होतेच. रोज कानी पडणारे पत्रात कोण लिहील? अभ्यासकाने मोडी कागदांत अभिप्रायांऐवजी ‘पोथी’, ‘नकल’, ‘श्रवण’ हे शब्द शोधावेत.