उषाबेन बोलल्या काय?

आमच्या आहुप्याच्या शाळेत बेचाळीसच्या लढ्याचा पाठ चालला होता. उषा मेहतांचे गुप्त नभोवाणी केंद्र, पोलिसांना चुकवीत बदललेल्या जागा, अखेरची धाड, सारे मी रंगवून सांगितले. तोच एक मुलगी उठली. "गुरुजी, पण त्या बोलायच्या काय?" मी निरुत्तर झालो.

उषाबेनांवर लिहिणाऱ्या पुष्कळांची गत माझ्यासारखीच आहे. २०२४ सालचा 'ऐ वतन मेरे वतन' हा हिंदी चित्रपट घ्या. त्याने उषाबेनांचे नाव घरोघर नेले, हे त्याचे उपकारच. परंतु तो रमतो पाठलागात आणि न्यायाधीश पित्याशी पडलेल्या लेकीच्या पेचात. बोलण्याचे मोल करायला त्याला सवड नाही.

म्हणून उषा ठक्कर यांचे 'काँग्रेस रेडिओ' हे २०२१ चे इंग्रजी पुस्तक मला मोलाचे वाटते. हे केंद्र पकडण्यासाठी पोलिस कान लावून बसत आणि ऐकलेले टिपून ठेवीत. ती टिपणे लेखिकेने वाचकांपुढे ठेवली आहेत. हवेत विरलेला शब्द शत्रूच्या दप्तरात जिवंत राहिला!

आणि शब्द तरी कसा? ऑगस्ट १९४२ च्या अखेरीपासून १२ नोव्हेंबरला गिरगावात धाड पडेपर्यंत, म्हणजे जेमतेम अडीच महिने हे केंद्र चालले. वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप असताना चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, आपल्या विदर्भातील आष्टी-चिमूरचे अत्याचार त्याने लोकांच्या कानी घातले. राममनोहर लोहियाही तेथून बोलले. नुसत्या घोषणांसाठी कोणी रोज कान लावीत नाही. त्याला बातमी लागते.

अवघ्या बाविसाव्या वर्षी पकडल्या गेलेल्या उषाबेनांनी न्यायालयात एवढेच विचारले, की उत्तरे देणे सक्तीचे आहे काय? नाही, असे कळताच त्या गप्प राहिल्या. कोठे बोलावे आणि कोठे बोलू नये, हे ज्याला कळते तोच खरा निवेदक.

चार वर्षांची सजा झाली, येरवड्याचा तुरुंग भोगला, १९४६ साली सुटका झाली. पुढे त्यांनी गांधीविचारावर प्रबंध लिहिला आणि मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकविले. २००० साली त्या वारल्या. अडीच महिन्यांच्या कीर्तीवर त्यांनी उभा जन्म काढला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला मी आष्टी-चिमूरची हकीकत सांगितली. धाडीची गोष्ट तिने पुन्हा विचारली नाही.