मग उंदीर घाबरला नाही?

लहान मुलांसाठी लिहिलेल्या प्राण्यांच्या मैत्रीच्या गोष्टी मोठी माणसं ज्या तऱ्हेनं वाचतात, ती पाहिली की त्या प्राण्यांची दया येते. आमच्या कोल्हापुरात तर हा प्रकार अधिकच रंगतो. रविवारी दुपारी तांबडा-पांढरा मनसोक्त ओरपायचा आणि ढेकर देत पोराला मांडीवर घेऊन 'प्राणिमात्रांवर प्रेम करावं' असली गोष्ट वाचून दाखवायची! पोरगं निरागसपणे विचारतं, "बाबा, मघाशी ताटात कोण होतं?"

वास्तविक हे गाव वाचनाला नवखं नाही. करवीर नगर वाचन मंदिर निघालं ते १८५० साली. पण वाचक जुना झाला म्हणून त्याची खोड जात नाही. आमचे हेडकॅशियरच घ्या. गोष्ट संपायच्या आत ते विचारतात, "तात्पर्य काय?" संध्याकाळी रोकड जुळावी तशी गोष्टही त्यांना जुळायला हवी असते. याउलट आमच्या वाड्यातल्या काकू. पुस्तकात ससा दिसला रे दिसला की त्यांचा पदर डोळ्यांना. गोष्ट वाचायची तसदी दोघंही घेत नाहीत.

चिऊ-काऊची गोष्ट बघा. मराठी घरात पहिले चार घास हिच्याच जोरावर पोटात जातात. शेणाचं घर वाहून गेलेला कावळा पावसात कुडकुडतोय आणि मेणाच्या घरातली चिमणी बाळाचं न्हाणं-माखणं पुढं करून दार उघडत नाही. मोठे म्हणतात, किती गोड! मूल मात्र घास गालात धरून विचारतं, "ती त्याला आत का घेत नाही?" काउंटरच्या आत बसणाऱ्याला चिमणीचं वागणं अगदी रीतसर वाटतं. मूल रांगेतल्या माणसाच्या बाजूचं असतं, एवढाच काय तो फरक!

खरी मैत्रीची गोष्ट पाहायची तर पंचतंत्राचं दुसरं तंत्र उघडावं, मित्रसंप्राप्ती. लघुपतनक कावळा, हिरण्यक उंदीर, मंथरक कासव आणि चित्रांग हरीण अशी ही चौकडी. पारध्यानं कासव पकडल्यावर हरीण मेल्याचं सोंग घेतं, कावळा त्याचे डोळे टोचल्याचं नाटक करतो आणि उंदीर कासवाचे पाश कुरतडतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याआधीचा भाग? कावळा मैत्री मागायला येतो, तेव्हा उंदीर बिळातूनच साफ नकार देतो. तू खाणारा, मी तुझं खाद्य, आपली कसली मैत्री? कावळा दारात प्राण सोडायची भाषा करतो, तेव्हा कुठे उंदीर नमतो. तेही बिळात पाऊल टाकायचं नाही या अटीवर! कर्ज मंजूर करताना इतकी चौकशी आम्हीसुद्धा करत नाही.

मी चाळलेल्या रंगीत चित्रांच्या पातळ पुस्तकांतून नेमकी हीच बोलणी गाळलेली दिसली. पहिल्या पानावर कावळा येतो, दुसऱ्या पानावर गळ्यात गळे. कोवळ्या मनाला भीती नको म्हणून ही काटछाट असावी. पण कोवळं मन तिथंच अडतं. "उंदीर घाबरला नाही?" या प्रश्नाला त्या पुस्तकात उत्तर नाही, मूळ गोष्टीत आहे. घाबरला, चांगलाच घाबरला, आणि तरीही हळूहळू बाहेर आला. ती भीती काढून टाकली की उरतं ते निव्वळ गोडगोड. मग काकू रडतात, हेडकॅशियर तात्पर्य लिहून घेतात आणि मुलाला झोप येते.

विष्णुशर्म्यानं तर मित्रसंप्राप्तीच्याही आधी मित्रभेद सांगितला. सिंह आणि बैल यांची जिवाभावाची मैत्री दमनक नावाचा कोल्हा चुगल्या करून कशी मोडतो, ते आधी. मैत्री जुळते कशी, ते नंतर. ज्यानं कचेरीत दहा वर्षं काढली आहेत, त्याला हा क्रम समजावून सांगावा लागत नाही. दमनक प्रत्येक शाखेत एक तरी असतोच.

तेव्हा गोष्ट वाचताना मुलानं मध्येच शंका काढली तर "पुढं ऐक" म्हणून दामटू नका. पुस्तकाचा खरा वाचक तो आहे. तात्पर्याची घाई आपल्याला असते. त्याला अजून उंदीर बिळाबाहेर यायचा असतो.