‘तिप्पट वेगवान’ म्हणजे नेमकं काय? ऑरोराच्या पेपरची उलटतपासणी

पेट किंवा नेट पास होऊन गाईडसमोर बसलात की एक प्रश्न हमखास येतो: "या पेपरमधलं तुम्हाला काय पटलं नाही?" बरेच जण इथे गप्प होतात, कारण आपण पेपर वाचतो ते समजून घेण्यासाठी, तपासण्यासाठी नाही. म्हणून आज एक गाजलेला पेपर तपासूया.

पेपर आहे ॲमेझॉन ऑरोरा या डेटाबेसवरचा, २०१७ च्या सिगमॉड परिषदेतला. विषय साधा आहे. कंपनी वाढते, तिचा मायएसक्यूएल डेटाबेस स्वतःच्या हाताने सांभाळणं जड जातं, मग ती मॅनेज्ड क्लाउड सेवेकडे वळते. म्हणजे बॅकअप, पॅचिंग, मशीन बंद पडलं तर दुसरं उभं करणं, हे सगळं सेवा देणारा बघतो. समजा, नंदुरबारच्या मिरची बाजारातल्या व्यापाऱ्यांसाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर बनवणारी पाच जणांची कंपनी आहे. तिला रात्री दोन वाजता सर्व्हर बघणारा माणूस परवडत नाही. तिच्यासाठी ही सोय खरोखर मोठी आहे, हे आधीच मान्य करून पुढे जाऊ.

आता पेपरमधले दावे दोन ढिगांत वेगळे करा.

पहिला ढीग: कागद-पेन घेऊन स्वतः पडताळता येतील असे दावे. ऑरोरा प्रत्येक डेटाच्या सहा प्रती ठेवतो, तीन झोनमध्ये दोन-दोन. झोन म्हणजे वीज, नेटवर्क वेगळं असलेली स्वतंत्र जागा. लिहिताना सहापैकी चार प्रतींचा होकार लागतो, वाचायचा कोरम तीनचा. एक अख्खा झोन गेला तर चार उरतात, लिहिणं चालू राहतं. झोनसोबत आणखी एक प्रत गेली तर तीन उरतात. लिहिणं थांबतं, पण डेटा वाचून पुन्हा उभा करता येतो. शिवाय चार अधिक तीन म्हणजे सात, सहापेक्षा जास्त, म्हणून वाचणाऱ्या तिघांत ताजी प्रत असलेला एक तरी असतोच. इथे ॲमेझॉनवर विश्वास ठेवायची गरजच नाही. गणित बरोबर आहे, आणि पेपरचा हा भाग खरंच सुंदर आहे.

दुसरा ढीग: विश्वासावर घ्यावे लागणारे दावे. एका चाचणीत ऑरोराने तीस मिनिटांत, आरसा-प्रत ठेवणाऱ्या मायएसक्यूएलपेक्षा ३५ पट व्यवहार केले, असं पेपर सांगतो. पण ही चाचणी फक्त लिहिण्याची होती. नेटवर्कवरून लिहिण्याचा भार कमी करणं हीच तर ऑरोराची मूळ कल्पना. म्हणजे पहिलवानाने त्याच्याच आखाड्यात कुस्ती जिंकली. जिंकली हे खरं, पण वाचनच जास्त असलेल्या कंपनीला ३५ हा आकडा काही सांगत नाही.

पुढे एका गेमिंग कंपनीचं उदाहरण आहे. स्थलांतराआधी सरासरी प्रतिसादवेळ १५ मिलिसेकंद, नंतर ५.५. पेपर याला तिप्पट सुधारणा म्हणतो. भागाकार करून बघा: २.७ येतात. पण ही गोष्ट किरकोळ. खरी अडचण अशी की नवं मशीन कोणतं ते दिलंय, जुनं कोणतं ते नाही. आपल्या शहाद्याच्या शेतकऱ्याने पपईचं वाण बदललं आणि त्याच वर्षी ठिबकही बसवलं, तर वाढलेल्या उत्पादनाचं श्रेय कुणाला द्यायचं? इथेही तसंच. सुधारणा ऑरोरामुळे झाली की मोठ्या मशीनमुळे, हे वेगळं काढता येत नाही. शिवाय कंपनीचं नाव नाही, आणि पेपर लिहिणारे सगळे विकणाऱ्याच्याच घरचे. ज्यांना फायदा झाला नाही ते ग्राहक पेपरमध्ये येणार कसे?

आणखी एक गोष्ट पेपर मोजतच नाही: बाहेर पडायचा खर्च. याची किंमत कळायला आपल्याच जिल्ह्याकडे बघा. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. एप्रिल २०१६ पर्यंत ती नोंदवही १०० कोटींवर गेली. इतकी वाढ होऊनही प्राधिकरणाने ती स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये, ओपन सोर्स साधनांवर ठेवली. कोणा एका विक्रेत्यावर अवलंबून राहायचं नाही, हे तत्त्व होतं. आधारकडे सरकारचं बळ होतं, पाच जणांच्या कंपनीकडे ते नसतं, म्हणून दोघांना एकच उत्तर लागू होणार नाही. पण ‘उद्या निघायचं झालं तर?’ हा प्रश्न दोघांनाही विचारावाच लागतो.

मग पेपर वाईट आहे का? नाही. त्याची रचना भक्कम आहे, पुरावा मात्र एकतर्फी आहे. ही दोन वाक्यं वेगवेगळी म्हणता येणं म्हणजेच समीक्षा.

तुमच्या संशोधन आराखड्यातला कोणताही एक पेपर घ्या आणि असेच दोन ढीग करा. दुसरा ढीग मोठा निघाला तर घाबरू नका. बहुतेक वेळा तुमचा विषय तिथेच सापडतो. एकच अर्ज, एकच मशीन, आधी साधा मायएसक्यूएल आणि मग मॅनेज्ड सेवा, वाचन-लेखनाचं प्रमाण बदलत नेऊन केलेलं मोजमाप: हे काम एम.एस्सी.च्या प्रकल्पातसुद्धा बसतं.