संमिश्र धोके आणि सामरिक संज्ञापन : कोकण किनाऱ्याच्या संदर्भात एक टीकात्मक परामर्श

प्रस्तावना

गेल्या दोन दशकांत संरक्षणशास्त्राच्या परिभाषेत 'हायब्रिड थ्रेट' म्हणजेच 'संमिश्र धोका' ही संज्ञा स्थिरावली आहे. अमेरिकी अभ्यासक फ्रँक हॉफमन यांनी २००७ मध्ये संमिश्र युद्धाची मांडणी केली. नियमित सैन्य, अनियमित टोळ्या, दहशतवाद आणि गुन्हेगारी ही साधने एकाच संघर्षात एकत्र वापरली जातात, हे तिचे सूत्र होय. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया ताब्यात घेतल्यानंतर या संज्ञेत अपप्रचार आणि सायबर हल्ले यांना मध्यवर्ती स्थान मिळाले. त्याच वर्षी लॅटव्हियातील रिगा येथे नाटोशी संलग्न असे सामरिक संज्ञापनाचे केंद्र उभे राहिले. २०१७ मध्ये हेलसिंकी येथे संमिश्र धोक्यांच्या प्रतिकारासाठी युरोपीय केंद्र स्थापन झाले. शासनाने आपला शब्द, कृती आणि प्रतिमा यांचा मेळ घालून विशिष्ट उद्दिष्टासाठी समाजाशी बोलणे म्हणजे सामरिक संज्ञापन, असे स्थूलमानाने म्हणता येईल.

ही मांडणी मुख्यतः युरोप आणि अमेरिकेत घडली. ती दापोली तालुक्यातील बुरोंडीसारख्या मासेमारी करणाऱ्या गावाच्या संदर्भात कितपत टिकते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. बुरोंडीच्या उत्तरेस हर्णै व सुवर्णदुर्ग, त्यापुढे बाणकोटची खाडी आणि खाडीपलीकडे हरिहरेश्वर, श्रीवर्धन, शेखाडी असा हा किनारा आहे. महाराष्ट्राला समुद्रमार्गे आलेल्या धोक्यांचा इतिहास याच पट्ट्याशी जोडलेला असल्याने हा प्रश्न केवळ सैद्धान्तिक राहत नाही.

१९९३ : हितकारक असत्याचा प्रश्न

१९९३च्या आरंभी दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरविण्यात आली. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या साखळी स्फोटांत २५७ जणांचा बळी गेला. तस्करीचे जुने मार्ग, परकीय सूत्रधार आणि धार्मिक तेढ यांचा हा संयोग पाहता, संज्ञा जन्माला येण्यापूर्वीच कोकणाने संमिश्र धोका अनुभवला होता असे म्हणावे लागते. या कटाला सीमाशुल्क व पोलीस खात्यातील काहींचे साहाय्य झाले होते आणि विशेष न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले, ही बाबही येथे ध्यानात घेतली पाहिजे.

त्या सायंकाळी तत्कालीन मुख्यमंत्री शरद पवार यांनी मशीद बंदर येथेही स्फोट झाल्याचे सांगितले. तसा स्फोट झालेला नव्हता. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील दंगलींच्या पार्श्वभूमीवर पुन्हा हिंसाचार उसळू नये म्हणून आपण हे हेतुपुरस्सर सांगितले, असे पवार यांनी पुढे स्वतःच जाहीर केले. सामरिक संज्ञापनाचे समर्थक या प्रसंगाकडे यशस्वी उदाहरण म्हणून पाहू शकतील, आणि त्यामागील हेतू नाकारण्याचे कारण नाही. परंतु हे यश एका विशिष्ट माध्यमस्थितीवर अवलंबून होते. आकाशवाणी आणि दूरदर्शन हेच तेव्हा बातमीचे प्रमुख मार्ग होते. आज मशीद बंदरचा कोणीही रहिवासी काही मिनिटांत अशा विधानाचे खंडन करील आणि त्यानंतर शासनाच्या खऱ्या विधानावरही विश्वास उरणार नाही. तात्पर्य, हितकारक असत्याचा नैतिक प्रश्न बाजूस ठेवला तरी ते साधन म्हणूनही आता निरुपयोगी ठरले आहे.

२००८ व २०१८ : दोन भिन्न अपयशे

२६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा दहशतवादी 'कुबेर' या अपहृत मासेमारी नौकेतून मुंबईजवळ आले. कुलाब्याच्या मच्छीमार नगरात उतरलेल्या या अनोळखी तरुणांना तेथील रहिवाशांनी हटकले होते. त्यानंतर वृत्तवाहिन्यांनी कारवाईचे थेट प्रक्षेपण केले आणि हल्लेखोरांचे पाकिस्तानातील सूत्रधार ते पाहून त्यांना सूचना देत राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२च्या निकालपत्रात या प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. २०१५ मध्ये नियम बदलून अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणास मनाई करण्यात आली आणि नियुक्त अधिकाऱ्याने वेळोवेळी माहिती द्यावी अशी तरतूद झाली. ही सुधारणा योग्यच आहे; मात्र ती वरून खाली जाणाऱ्या माहितीपुरती आहे. मच्छीमार नगरातून वर जाणाऱ्या माहितीचे काय, या प्रश्नाला ती स्पर्श करीत नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेतून नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांची जमावाने हत्या केली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात संदेश पुढे पाठविण्यावर पाच गटांची मर्यादा घातली. अपप्रचाराच्या चर्चेत ही घटना हमखास उद्धृत होते. येथेच संज्ञेची मर्यादा उघड होते. या अफवेमागे शत्रुराष्ट्र शोधण्याची गरज नाही. भटक्या समाजाविषयीचा जुना संशय आणि प्रशासन व गाव यांतील अंतर एवढी कारणे पुरेशी होती. अशा घटनेला 'संमिश्र धोका' म्हटले की स्थानिक जबाबदारी झाकली जाते.

संज्ञा फार व्यापक झाली की दुसराही धोका संभवतो. शासनाला अप्रिय असलेले प्रत्येक मत शत्रूचे हत्यार ठरू लागते. शासनाच्या कामकाजाविषयीची माहिती खोटी आहे की नाही हे शासनाच्याच तथ्य-पडताळणी कक्षाने ठरवावे, अशी तरतूद २०२३ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत करण्यात आली होती. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ती घटनाबाह्य ठरविली. वादातील एका पक्षानेच निवाडा करू नये, हे तत्त्व सुरक्षेच्या नावाखालीही सोडता येत नाही.

२०२२ : हरिहरेश्वरचा धडा

१८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरजवळ एक बेवारस नौका आढळली. तीत तीन एके-४७ रायफली व काडतुसे होती. दुसऱ्याच दिवशी दहीहंडी होती, गणेशोत्सव तोंडावर आला होता आणि किनाऱ्याला १९९३ची आठवण होती. त्याच दिवशी तत्कालीन उपमुख्यमंत्री व गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात निवेदन केले. 'लेडी हान' ही नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची असून मस्कतहून युरोपकडे जात असता २६ जून रोजी तिचे इंजिन बिघडले, खलाशांची सुटका झाली आणि नौका वाहत आली, असे त्यांनी सांगितले. दहशतवादी संबंध आढळलेला नाही, तथापि तपास चालू आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले. काय कळले आहे आणि काय कळायचे आहे, यांतील सीमारेषा राखणे हे या निवेदनाचे बलस्थान होते. १९९३च्या तुलनेत ही प्रगती निःसंशय आहे.

तरीही एक उणीव नोंदविली पाहिजे. नौका सोडून दिल्यापासून ती सापडेपर्यंत ५३ दिवस गेले, आणि शस्त्रांची बातमी पुढे व खुलासा मागे असा क्रम राहिला. निवेदन मुंबईत झाले. बाणकोट, हर्णै वा बुरोंडी येथील मच्छीमाराला ते दूरचित्रवाणीवरूनच कळणार होते.

निष्कर्ष

किनारपट्टीवरील गावांत सागर रक्षक दले आहेत. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दूरध्वनी क्रमांकही आहेत. यंत्रणेचा अभाव नाही. प्रश्न संवादाच्या दिशेचा आहे. ज्या मच्छीमाराने माहिती द्यावी अशी अपेक्षा आहे, त्याच्याकडेच ओळखपत्राच्या तपासणीत संशयित म्हणून पाहिले जात असेल, आणि दिलेल्या माहितीचे पुढे काय झाले हे त्याला कधीच कळत नसेल, तर प्रभावी घोषवाक्यांनी काही साधणार नाही. किनाऱ्यावर हिंदू आणि मुस्लीम दोन्ही समाजांचे मच्छीमार आहेत. एकाला राखणदार आणि दुसऱ्याला संशयित मानणारी भाषा ही शत्रूचेच काम सोपे करते.

या विचाराला परकीय आधाराची गरज नाही. १६७०च्या दशकात चिपळूण परिसरातील छावणीच्या अधिकाऱ्यांना लिहिलेल्या सुप्रसिद्ध पत्रात छत्रपती शिवाजी महाराजांनी रयतेला उपद्रव देण्यास सक्त मनाई केली आहे. सैनिकांनी रयतेचे धान्य व गवत ओरबाडले तर लोकांना शत्रू बरा वाटू लागेल, हा त्यातील इशारा आहे. राज्याचे वर्तन हेच राज्याचे पहिले निवेदन असते, हे तत्त्व रत्नागिरी जिल्ह्याच्याच भूमीत साडेतीन शतकांपूर्वी मांडले गेले. सामरिक संज्ञापनाच्या भारतीय अभ्यासाने रिगा आणि हेलसिंकीची दखल अवश्य घ्यावी. परंतु त्याची कसोटी बुरोंडीच्या मच्छीमाराने पोलीस ठाण्याला निःशंकपणे दूरध्वनी केला की नाही, हीच असावी.