सावद्यातला शंभर लिटर समुद्र

सावद्यापासून समुद्र तीनशे किलोमीटरांहून लांब आहे. हतनूरला अडवलेली तापी पुढे सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते, एवढंच काय ते आपलं त्याच्याशी नातं. तरीही इथल्या एखाद्या पोराच्या मोबाईलवर ‘निमो’ नावाने ठाऊक झालेला केशरी-पांढरा मासा येतो, आणि मग त्याच्या डोक्यातून तो जात नाही. दुकानातली यंत्रं महाग असतात. म्हणून शोध सुरू होतो तो घरगुती उपायांचा: कूलरचा पंखा, सलाईनची नळी, पानाचा चुना, सिमेंटचे दगड.

या उपायांना आपण सरसकट ‘जुगाड’ म्हणतो आणि टाळ्या वाजवतो. पण कवितेची किंवा सिनेमाची समीक्षा होते तशी जुगाडाचीही व्हायला हवी. कुठला जुगाड चांगला, कुठला वाईट, आणि ते ठरवायचं कशावरून?

सुरुवात पंख्यापासून करू. खाऱ्या पाण्याच्या टाकीला साधारण २५-२६ अंश तापमान लागतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ कडे झुकतो. पाणी थंड करणारं यंत्र, म्हणजे चिलर, परवडत नाही. मग टाकीवर छोटा पंखा लावायचा. शंभर लिटरमधलं एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं, तर हिशेबाने उरलेलं पाणी सुमारे सहा अंशांनी थंड व्हायला हवं. खोलीची उष्णता आत येत राहते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक कमी पडतो, पण पडतो. गंमत म्हणजे हा उपाय मुंबईपेक्षा खानदेशात जास्त चालतो. आपला उन्हाळा कोरडा आहे. माठ आणि कूलर ज्या कारणाने आपल्याकडे चालतात, त्याच कारणाने हाही चालतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याचा जोर ओसरतो.

आता याच उपायाची दुसरी बाजू. पाणी उडतं, मीठ उडत नाही. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. शंभरातले पाच लिटर उडाले आणि भर घातली नाही, तर ते प्रमाण ३७ च्या जवळ जातं. भर घालायची ती गोड्या पाण्याची, आरओच्या जारमधली. अनेक नवखे खारं पाणी ओततात आणि मीठ आणखी चढवतात. म्हणजे पंखा लावणाऱ्याला फ्लोटही लावावा लागतो, कूलरच्या टाकीत असतो तसाच. एक जुगाड दुसऱ्याला जन्म देतो. हे ज्याला आधीच दिसतं त्याची टाकी टिकते.

‘जुगाड इनोव्हेशन’ हे नवी राजू, जयदीप प्रभू आणि सिमोन आहुजा यांचं पुस्तक २०१२ मध्ये आलं आणि हा शब्द जगभरच्या व्यवस्थापन वर्गांत पोचला. त्यात गुजरातच्या मनसुखभाई प्रजापतींचा ‘मिट्टीकूल’ हा मातीचा, विजेविना चालणारा फ्रिज मानाने येतो. पण प्रजापती कुंभार घराण्यातले. माती किती पाणी पाझरू देते, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. आपण ज्याला जुगाड म्हणून मिरवतो ते पुष्कळदा कारागिराचं मुरलेलं ज्ञान असतं, आणि ‘जुगाड’ म्हटल्यावर नेमकं तेच झाकलं जातं. ‘काहीही जोडा, चालतंय’ एवढाच धडा उरतो.

सावद्याच्या बाबतीत हे ज्ञान आधीपासून आहे, फक्त केळीच्या बागेत. ठिबकच्या संचावर बसवलेली व्हेंचुरी बघा. पाइप मध्येच अरुंद होतो, तिथे दाब पडतो आणि बाजूच्या नळीतून खताचं पाणी आपोआप ओढलं जातं. टाकीतली घाण काढणाऱ्या प्रोटीन स्किमरमध्ये पुष्कळदा हीच व्हेंचुरी असते. तिथे ती खताऐवजी हवा ओढते. खाऱ्या पाण्यात बारीक बुडबुड्यांचा फेस होतो, विरघळलेली प्रथिनं बुडबुड्यांना चिकटतात आणि फेसाबरोबर वर येऊन बाहेर पडतात. ज्याने बागेतली व्हेंचुरी उघडून साफ केली आहे, त्याला घरी स्किमर बनवताना फार काही नवं शिकायचं नाही.

हा छंद जन्मला तोच घरगुती उपायांतून. इंग्लंडच्या फिलिप हेन्री गॉस यांनी १८५४ मध्ये ‘द अक्वेरियम’ हे पुस्तक लिहिलं. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांसाठी त्यांनी कृत्रिम समुद्रपाणी बनवलं: साधं मीठ, मॅग्नेशियम सल्फेट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. यातलं मॅग्नेशियम सल्फेट आपल्याकडे कृषी केंद्रात मिळतं. मग नुसतं खायचं मीठ का चालत नाही? त्या ३५ ग्रॅमपैकी सुमारे ३० ग्रॅम सोडियम आणि क्लोराइडच असतात हे खरं. पण मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम हे सगळं उरलेल्या पाच ग्रॅममध्ये असतं. त्याच्यावाचून पाणी खारट होतं, समुद्र होत नाही.

गॉसच्या पुस्तकाने इंग्लंडला वेड लावलं. घरोघरी काचेच्या टाक्या आल्या आणि माणसं टोपल्या घेऊन किनाऱ्यावर उतरली. १९०७ मध्ये त्यांचा मुलगा एडमंड गॉस याने ‘फादर अँड सन’ हे आत्मचरित्र लिहिलं. लहानपणी पाहिलेली खडकांतली डबकी या हौशी माणसांनी ओरबाडून रिकामी केली, याची खंत त्यात आहे. बापाचं पुस्तक प्रेमाने लिहिलेलं होतं. मुलाचं पुस्तक त्या प्रेमाचा हिशेब मांडतं. ही दोन पुस्तकं मला एकमेकांशेजारी ठेवूनच वाचावीशी वाटतात.

तो हिशेब आपल्याकडेही आहे. १९६१ मध्ये इंडोनेशियाच्या ली चिन इंग यांनी एक साधी पद्धत मांडली: समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे, बाकी यंत्रं नकोत. दगडावरचे जिवाणू पाणी साफ ठेवतात. पद्धत सुंदर, पण तो दगड म्हणजे प्रवाळाचा तुकडा. २००१ पासून प्रवाळ आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. ‘मेलेलाच तुकडा आहे’ ही सबब तिथे चालत नाही. त्यामुळे इथला प्रामाणिक जुगाड म्हणजे पांढरं सिमेंट आणि शिंपल्यांचा चुरा मिसळून घरी घडवलेला दगड. सिमेंटमधून अल्क पाझरत राहतो, म्हणून तो आठवडेच्या आठवडे पाण्यात ठेवून पाणी बदलत राहायचं. स्लॅबवर पाणी मारणाऱ्या गवंड्याला धीर काय असतो ते माहीत आहे. रीलमध्ये मात्र दगड सकाळी ओतला जातो आणि पुढच्याच कटला मासा त्याच्याभोवती फिरत असतो. माझी या रीलवाल्या जुगाडाबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे. मधले दोन महिने तो कापून टाकतो, आणि सगळं काम त्या दोन महिन्यांतच असतं.

आता चुना. प्रवाळाला आणि शिंपल्यांना कॅल्शियम लागतं. त्यासाठी चुन्याची निवळी थेंबथेंब टाकीत सोडायची. जर्मन हौशींनी रुळवलेला ‘काल्कवासर’ हा शब्द ऐकायला भारी वाटतो, अर्थ मात्र चुन्याचं पाणी एवढाच. सलाईनची नळी आणि तिचं चाक वापरून थेंब मोजता येतात. कल्पना उत्तम आहे. पण निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. रात्री चाक सैल झालं आणि बाटली एकदम रिकामी झाली, तर सकाळपर्यंत टाकीत जिवंत काही उरेलच असं नाही. साधन तेच, हात तोच. चांगला आणि वाईट जुगाड यांच्यात फरक आहे तो बाटली किती मोठी भरली याचा. एका रात्रीत सगळी सांडली तरी निभावेल एवढीच निवळी भरणारा माणूस मला खरा कारागीर वाटतो.

आणि काही जुगाडांना तर नापासच करायला हवं. जुन्या फ्रिजची तांब्याची नळी टाकीत बुडवून केलेला चिलर बाहेरून हुशार दिसतो. पण खाऱ्या पाण्यात तांबं सुटतं आणि कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ त्याने मरतात. बुरशीनाशक घातलेला बाथरूमचा सिलिकॉन लावून सांधलेली काच, किंवा खाऱ्या पाण्याशेजारी अर्थिंगशिवाय लोंबणारी वायर, यांचंही तेच. पैसे वाचतात माणसाचे, किंमत भरतो दुसराच. मासा तक्रार करू शकत नाही, म्हणून जुगाड ‘यशस्वी’ ठरतो.

माझी कसोटी एवढीच आहे: हा उपाय फसला तर कोण मरेल, आणि फसतोय हे मला वेळेत कळेल का?

म्हणजे सावद्यात अशी टाकी ठेवूच नये का? ठेवावी. निमो मासे आता समुद्रातून न पकडता हॅचरीत वाढवता येतात. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही ते तंत्र विकसित केलं आहे. तसेच मागा. पण आधी टाकी भरा, सिमेंटचे दगड ठेवा, पंखा आणि फ्लोट लावा, रोज मीठ मोजा. वीज गेल्यावर काय होतं ते बघा. मासा आणायच्या आधी एक अख्खा मे महिना ती टाकी नुसती चालवून दाखवा.