प्रवरपुराचे दोन साक्षीदार

मराठी प्रवासवर्णनांत काश्मीरइतके भाग्य दुसऱ्या प्रदेशाच्या वाट्याला क्वचितच आले असेल. परंतु त्या प्रदेशाची राजनगरी या वर्णनांत जितकी उपेक्षित राहिली आहे, तितकी दुसरी नगरीही क्वचितच राहिली असेल. हे विधान प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटेल. श्रीनगरावाचून काश्मीरची सफर पुरी होत नाही, आणि दल सरोवर, शिकारा, शालिमार व निशात यांवाचून तिचे वर्णन पुरे होत नाही, हे खरेच आहे. पण या लेखांत सरोवर असते, पर्वत असतो, चिनार असतो, शहर नसते. माणसे असतातच तर ती नाव वल्हविण्यापुरती आणि शाल विकण्यापुरती.

अशा वर्णनाची परीक्षा सोपी आहे. दलच्या जागी नैनिताल घालावे, चिनाराच्या जागी देवदार घालावा आणि लेख पुन्हा वाचावा. तो जसाच्या तसा उभा राहिला, तर लेखकाने श्रीनगर पाहिले नाही असे खुशाल समजावे.

हा दोष मी केवळ इतरांच्या पदरात घालीत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी मीही असा एक लेख लिहिला होता. अलीकडे तो काढून वाचला. त्यात सरोवरावरील सूर्यास्तास दीड पान दिले आहे, 'नंदनवन' हा शब्द पाच वेळा आला आहे आणि वितस्तेवरील एकाही पुलाचे नाव नाही. ज्या नदीच्या दोन्ही काठांवर हे शहर चौदाशे वर्षांच्या आसपास नांदत आले, ती मी मोटारीतून ओलांडली होती. तो लेख वाचून मला जी लाज वाटली, तिच्यातूनच प्रस्तुत विवेचनाचा प्रारंभ झाला. नगरीचे वर्णन कसे करावे हे शिकण्यासाठी मी तिच्याच दोन जुन्या कवींकडे वळलो.

पहिला बिल्हण. अकराव्या शतकात, कलश राजाच्या काळी, त्याने काश्मीर सोडले. मथुरा, कनोज, प्रयाग, काशी, पुढे गुजरात व सोमनाथ असा प्रवास करीत तो दक्षिणेत आला आणि कल्याणीच्या चालुक्य सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारी 'विद्यापती' झाला. ही कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. हैदराबादकडील आपल्या वाचकांना ती अपरिचित नाही. तेथे त्याने रचलेल्या 'विक्रमांकदेवचरिता'ची पोथी जेसलमेरच्या भांडारात ब्यूलर यांना १८७४ साली सापडली आणि पुढल्याच वर्षी मुंबईहून छापून प्रसिद्ध झाली. काव्याचे सतरा सर्ग आश्रयदात्यासाठी आहेत. अठरावा सर्ग मात्र कवीने स्वतःसाठी राखून ठेवला आणि त्यात प्रवरपुराचे, म्हणजे श्रीनगराचे, वर्णन केले.

या सर्गात अतिशयोक्ती नाही असे कोण म्हणेल? दरबारी कवीच्या हाती ती असायचीच. तरीही घराघरांतल्या स्त्रिया संस्कृत आणि प्राकृत जन्मभाषेसारख्या बोलतात, हे तो ज्या अभिमानाने सांगतो, तो अभिमान पर्वतशिखरांचा नव्हे, माणसांचा आहे. आपले खोनमुख गाव सांगताना एका अंगाला केशर आणि दुसऱ्या अंगाला द्राक्षे, अशी तो शिवार दाखवावे तशी खूण देतो. आश्रयदात्याची युद्धे वर्णिताना ठरीव उपमांच्या आधाराने चालणारी त्याची वाणी गावाची वाट लागताच तपशिलावर येते. दूर गेलेल्या माणसाची स्मृती नेहमी धूसर होते असे नाही. कित्येकदा ती अधिक काटेकोर होते.

दुसरा साक्षीदार कल्हण. 'राजतरंगिणी' त्याने ११४८ ते ११५० या काळात लिहिली. प्रवरसेनाने वसविलेल्या नगरीची थोरवी सांगताना तो तीन गोष्टी पुढे ठेवतो. क्रीडागृहांपाशी आणि बाजारपेठांपाशी मिळणारे निर्मळ प्रवाह. ऐन उन्हाळ्यात घरासमोर मिळणारे, हिमखंडांनी गार झालेले वितस्तेचे पाणी. आणि नगराच्या मधोमध असलेली टेकडी, जिच्यावरून सारी घरे आकाशातून पाहावीत तशी दिसतात. या गोष्टी अन्यत्र कोठे आहेत, असे तो विचारतो. नैनितालाची परीक्षा कल्हणाला लावून पाहावी. त्याचे वर्णन दुसऱ्या कोणत्याही नगरीला बसत नाही. टेकडी आजही तेथेच आहे. तिला हारी पर्वत म्हणतात.

पण कल्हणाचे खरे मोठेपण याच्या पुढे आहे. ज्या वितस्तेचे गार पाणी त्याने वाखाणले, तीच वितस्ता ९१७-१८ च्या दुष्काळात प्रेतांनी इतकी झाकली गेली की पाणी दिसेना, हेही तोच लिहितो. अवंतिवर्म्याच्या कारकीर्दीतील (८५५-८८३) सुय्य या स्थापत्यज्ञाची कथाही त्याचीच. पुराने शेते बुडत होती. सुय्याने पाण्यात नाणी फेकली, भुकेल्या लोकांनी ती शोधण्यासाठी पात्रातले दगड उपसले आणि तुंबलेली नदी मोकळी झाली. पुढे बंधारे आणि पाट झाले. दोनशे दिन्नारांना मिळणारी खारीभर साळ छत्तीस दिन्नारांवर आली. सौंदर्याच्या मुळाशी असलेला धान्याचा भाव ज्याला ठाऊक आहे, त्याच्या सौंदर्यवर्णनावर आपला विश्वास बसतो. आमच्या प्रवासवर्णनांत नेमके हेच उणे आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. बाराव्या शतकाचे पुस्तक हाती धरून आजचे शहर पाहणे म्हणजे मधली शतके पुसून टाकणे नव्हे काय? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर 'राजतरंगिणी'च्याच पुढील इतिहासात आहे. कल्हणाचा ग्रंथ जिथे थांबला, तिथून पुढे तो जोनराजाने नेला, तो सुलतान झैनुल आबिदीन याच्या आश्रयाने. या सुलतानाने मूळ ग्रंथ फारसीतही उतरविला. झैना कदल हा पूल त्याच्याच नावाचा. तेव्हा कल्हण वाचणाऱ्याने खानकाह-ए-मौलाच्या लाकडी छतापाशी आणि जामा मशिदीतील देवदाराच्या खांबांपाशी थांबलेच पाहिजे. नाही तर तोही अर्धेच शहर पाहून परतेल. आधुनिक काळात हा ग्रंथ इंग्रजीत नेणाऱ्यांत, ऑरेल स्टाइन यांच्यानंतर, राजकोटास स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील रणजित सीताराम पंडित होते, हे आपण बृहन्महाराष्ट्रीयांनी विसरू नये. त्यांचे भाषांतर १९३५ साली प्रसिद्ध झाले.

हे दोन कवी वाचून मी दुसऱ्यांदा श्रीनगरास गेलो. या खेपेस दलवर एकच संध्याकाळ दिली आणि बाकीचे दिवस नदीच्या काठाने पायी हिंडलो. अमीरा कदलपासून सफा कदलपर्यंत जुने पूल मोजले. काश्मिरी माणूस आजही नदीला 'व्यथ' म्हणतो. वितस्तेचे नाव झिजून का होईना, त्याच्या तोंडी उरले आहे. दलचे पाणी शहरामधून वाहून नेणारा मार कालवा मात्र उरलेला नाही. तो १९७० च्या दशकात बुजवून वर रस्ता केला. कल्हणाच्या पहिल्या वाखाणणीचा एक वारस त्या डांबराखाली गेला. सप्टेंबर २०१४ च्या पुरात शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता. पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवण्याचे सुय्याचे काम एकदा करून संपणारे नव्हते, हे तेथल्या लोकांना त्या वेळी पुन्हा भोगून कळले. खोनमुख आज खोनमोह आहे आणि तेथे औद्योगिक वसाहत आहे.

हे सारे लिहिल्याने दलच्या सूर्यास्ताची किंमत कमी होत नाही. तो सुंदर आहेच. पण पाहुण्याला तो न मागता मिळतो. शहर मात्र मागावे लागते, त्यासाठी चालावे लागते, वाचावे लागते आणि अप्रिय गोष्टीही लिहून ठेवाव्या लागतात.

कल्हण बिल्हणाविषयी एक गोष्ट सांगतो. कर्नाटकच्या राजाने त्याला इतका मान दिला की हत्तीवरून जाताना त्याचे छत्र राजाच्या पुढे उंच दिसे. पण काश्मीरात हर्ष हा कवींची कदर करणारा राजा झाल्याचे कानी येताच त्याला आपले सारे वैभव फसवे वाटू लागले. बिल्हण स्वेच्छेने गेला होता. १९९० साली त्याच खोऱ्यातून पंडित समाजातील असंख्य कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्यांच्यापैकी कोणी आज अठरावा सर्ग उघडला, तर तो अलंकारांसाठी उघडणार नाही.

पिढ्यान्‌पिढ्या इंदूर, बडोदे, बेळगाव येथे राहून कोकणातल्या वा देशावरच्या एखाद्या गावाची नावनिशी जपणाऱ्या आपल्या वाचकांस हा सर्ग समजावून सांगण्याची गरज नाही. त्यांच्यापैकी जे श्रीनगरास जातील, त्यांनी निघण्यापूर्वी तो एकदा वाचावा, आणि परतल्यावर जे लिहितील त्यात निदान एका पुलाचे नाव असावे, एवढीच विनंती आहे.